कुठं होतं, सांगा पाहू

लाँड्रीत शिरलं की डाव्या हाताला काउंटर, उजव्या हाताला हँगरवर लटकलेले धुतलेले कपडे आणि समोर उत्तरेकडची मोठी खिडकी. त्या खिडकीखाली एक लाकडी खुर्ची, एक बुटकं टेबल आणि खुर्चीत रफूकाका. लाँड्री थोरल्या मालकांनी काढली तेव्हापासून ही मांडणी अशीच होती. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला, धुण्याची यंत्रं बदलली, भिंतींचा रंग बदलला, पण खिडकी रफूकाकांची ती रफूकाकांचीच राहिली. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, त्यात सावली फसवत नाही, म्हणून ती जागा त्यांनी तरुणपणी मागून घेतली होती. थोरले मालक म्हणाले होते, "घे बाबा. मी काही तिथं गादी टाकून झोपणार नाही."

रफूकाकांचं काम म्हणजे फाटलेलं कापड असं सांधायचं, की ते फाटलं होतं हेच कुणाला कळू नये. ठिगळ लावायचं नाही, गाठ मारायची नाही. शिंपी कोटाच्या आतल्या शिवणीत थोडी माया सोडतो. त्या जादा कापडातून धागे ओढून घ्यायचे आणि भोकाच्या जागी एक उभा, एक आडवा असे भरत मूळची वीण पुन्हा उभी करायची. कुणाचा कोट सिगारेटनं जळलेला असे, कुणाचा खिळ्याला अडकलेला, कुणाचा उंदरानं कुरतडलेला. कसं झालं ते विचारायचं नाही, अशी धंद्याची रीत होती. दुसरी रीत त्यांची स्वतःची होती. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून ते विचारत, "कुठं होतं, सांगा पाहू."

गिऱ्हाईक कपडा उजेडात धरे, उलटा करी, बोटं फिरवी, शेवटी हसून म्हणे, "नाही बुवा सापडत." मगच रफूकाका मजुरी घेत. सापडलं तर घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तशी वेळ कधी आली नव्हती.

आता मात्र कोट फाटला की लोक नवा घेत. रफूकाका सकाळी येत, टेबल पुसत, सुया आकारानं लावून ठेवत आणि खिडकीबाहेर बघत बसत. एक दिवस दुपारी मालक काउंटरवरून उठून त्यांच्याजवळ आला. त्याला त्यांनी अर्ध्या चड्डीत कपड्यांच्या ढिगावर उड्या मारताना पाहिलं होतं.

"काका, एक बोलू का?"

"बोल की. मालक तू, मी कोण अडवणारा?"

"तसं नका ना बोलू. वाफेचं इस्त्रीचं यंत्र घेतोय. मोठं आहे. आणि पाण्याचा नळ नेमका…" त्यानं खिडकीकडे हात केला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

"माझ्या डोक्यावर आहे."

"तुमच्या मागं आहे," मालक ओशाळून म्हणाला. "काका, तुमच्याकडे चार गिऱ्हाइकं येत असती ना, तर मला घरी छाती काढून सांगता आलं असतं. बायको म्हणते, तू लाँड्री चालवतोस का पाहुणचार? महिनाअखेरपर्यंत बघू. कायतरी जाहिरात करा. आजकाल सगळ्यांची वेबसाइट असते. त्या कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचीसुद्धा आहे."

"चावीवाला सगळ्या गावाची कुलपं उघडतो. त्याचं काम सगळ्यांना दिसतं."

"काका, मी खरंच सांगतोय. गिऱ्हाईक येतंय असं दिसलं तर यंत्राचं मी दुसरीकडे बघतो. भिंत फोडतो हवं तर."

तो मनापासून बोलत होता, आणि त्यामुळेच रफूकाकांना त्याच्यावर रागावताही येईना.

घरी त्यांनी ही गोष्ट जेवताना सांगितली, जणू दुसऱ्याच कुणाची सांगावी तशी. बायको वाढता वाढता थांबली. मुलगी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि लग्न मोडल्यापासून आईवडिलांकडेच राहत होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"बाबा, हे आपण करायचंच. मी कोटेशन मागवते."

"कसलं कोटेशन?"

"वेबसाइटचं. आपण काय काम करतो ते सांगायचं, काय काय हवं ते सांगायचं. ते हिशोब करून खर्च कळवतात. नुसतं विचारायला काय जातं?"

"जातं," बायको म्हणाली. "ह्यांची लाज जाते. पण ती काय, परत येईल."

रविवारी सकाळी तिघं टेबलाशी बसली. मुलीनं फोनवर एका वेबसाइटवाल्याचं पान उघडलं. त्यावर बरेच प्रश्न होते. ती वाचत होती आणि उत्तरं लिहीत होती.

"व्यवसायाचं नाव?"

रफूकाका विचारात पडले. व्यवसायाला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, लाँड्रीतल्या काकांकडे दे.

"लिही, लाँड्रीतले काका," बायको म्हणाली.

"आई, प्लीज. बरं, पुढचं. तुमचे मुख्य स्पर्धक कोण?"

"स्पर्धक म्हणजे?"

"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पळवतो तो."

"नवा कोट," बायको म्हणाली. "लिही. मेला मागेच हटत नाही."

मुलगी हसली, रफूकाकाही हसले. बऱ्याच दिवसांनी त्या टेबलाशी हसणं झालं.

"तुम्हाला आवडणाऱ्या तीन वेबसाइट?"

"पुढचं विचार," रफूकाका म्हणाले.

दोन दिवसांनी वेबसाइटवाल्याचा निरोप आला. माणूस सभ्य वाटला. लिहिलं होतं, की असं काम करणारं कुणी अजून आहे हे वाचून फार बरं वाटलं. पानं किती लागतील ते फोटोंवर ठरेल, तेव्हा कामाचे बिफोर आणि आफ्टर, म्हणजे रफू करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो पाठवा, मग पक्कं कोटेशन देतो. या धंद्यात फोटोच सगळं सांगतात, गिऱ्हाईक वाचत बसत नाही.

"तुमच्याकडे जुने फोटो असतीलच," मुलगी म्हणाली.

रफूकाकांनी नकारार्थी मान हलवली. जन्मभराचं काम लोकांच्या अंगावर बाहेर निघून गेलं होतं. कुणाच्या फाटक्या कपड्याचा फोटो काढायचा, ही कल्पनाही त्यांना कधी शिवली नव्हती. आणि नंतरचा फोटो कशाचा काढणार? त्यात दिसायचं काय?

"मग पुढचं काम येईल त्याचे काढू."

पुढचं काम आलं ते एका बॅगेची चेन अडकल्याचं. ती त्यांनी साबण लावून मोकळी करून दिली. महिना सरत आला होता.

रफूकाकांच्या मनात एक गोष्ट होती, ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या डोळ्याच्या बरोबर मध्ये एक राखी ठिपका येऊन बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच त्या ठिपक्याखाली जाई, आणि कडेचं सगळं स्वच्छ दिसे. खुर्चीचा पाय दिसे, दाराची कडी दिसे, सुईचं टोक दिसत नसे. डावा डोळा पहिल्यापासूनच अधू होता. ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, डॉक्टर म्हणाला, पण हा आतल्या पडद्याचा आजार आहे, याला जपायचं, दुसरं काही नाही. घरी येऊन त्यांनी "नंबर वाढलाय" एवढंच सांगितलं. सुई ओवून द्यायचं काम बायको आधीपासूनच करत होती. रोज सकाळी ती सुयांच्या छोट्या उशीत ओवलेल्या सुया टोचून डब्याबरोबर देई. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं. वर्षभर बारीक विणीचं काम आलं की "सध्या वेळ नाही" म्हणून ते परत पाठवत होते, आणि मालकाला वाटत होतं, गिऱ्हाईकच येत नाही.

वेबसाइटचं त्यांनी मनावर घेतलं ते या हिशोबानं, की स्वेटर येतील, जाड ब्लँकेटं येतील. जाड लोकर हाताला कळते. तेवढ्यावर खिडकी राहील.

म्हणून ते म्हणाले, "माझाच जुना स्वेटर आहे. त्याला भोक पाडतो आणि सांधतो. काढ फोटो."

"स्वेटर?" बायको म्हणाली. "स्वेटर मीसुद्धा सांधते. त्याला कोण पैसे देणार? अहो, खरं काम दाखवा की."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून आपला राखाडी लोकरी कोट घेऊन आली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत रफूकाकांनी तो तिला घेऊन दिला होता. त्याची बारीक तिरकी वीण होती, अशी की एक धागा चुकला तर तिरकी रेघ तिथं मोडते आणि लगेच डोळ्यात भरते.

"यावर करा."

"तुझा एवढा एकच चांगला कोट आहे."

"मग काय झालं? तुम्ही करणार म्हणजे होता तसाच होणार ना?" ती हसली. "का आता भरवसा नाही स्वतःवर?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. मुलगी फोन घेऊन उभी होती. बायको कोट टेबलावर पसरून त्याच्या सुरकुत्या हातानं मोडत होती. रफूकाकांनी कात्री उचलली.

"बाबा, निदान आतल्या बाजूला करा. अस्तराजवळ."

"आतल्या बाजूला झाकलेल्याला रफू म्हणत नाहीत," ते म्हणाले. आपलंच बोलणं त्यांना दुरून ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी कोटाच्या डाव्या छातीवर, जिथं माणसाची नजर पहिल्यांदा जाते तिथं, नखाएवढा गोल तुकडा कापून काढला. मुलीनं फोटो घेतला. बायकोनं मात्र कात्री चालताना तेवढी मान फिरवली होती.

मग ते कोट घेऊन लाँड्रीतल्या खिडकीपाशी बसले. शिवणीतून धागे ओढून घेणं सोपं गेलं, ते बोटांना पाठ होतं. भरायला लागल्यावर मात्र कळेना की सुई कुठल्या धाग्याच्या वरून गेली आणि कुठल्याच्या खालून. ते मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघत. कडेनं दिसे, पण सुई पुढे सरली की जागा ठिपक्याखाली जाई. भिंग घेतलं तर ठिपकाही मोठा झाला. मग त्यांनी डोळे मिटून बोटांनी पाहायला सुरुवात केली. बोटांना वाटे, बरोबर चाललंय. मालक येता-जाता बघत होता. त्याला फार आनंद झाला होता.

"काका, काम आलं वाटतं!"

"आलंय खरं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? अजून वेबसाइट झाली नाही तरी पायगुण दिसला."

काही भाग त्यांनी उसवला आणि पुन्हा भरला. उसवताना कडेचे चांगले धागेही तुटले आणि भोक मोठं झालं. शेवटी एका दुपारी भरायला जागाच उरली नाही. त्यांनी कोट ओल्या फडक्याखाली इस्त्रीनं दाबला, त्यावरून तळहात फिरवला. तळहाताला काही लागलं नाही. त्यांना वाटलं, झालं असेल. इतकी वर्षं केलेलं काम, डोळ्यांना नसेल दिसत तरी हातानं केलंच असेल.

घरी येऊन त्यांनी कोट बायकोच्या हातात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठं होतं, सांगा पाहू."

बायको कोट घेऊन दारापाशी उजेडात गेली. तिनं गळपट्टी बघितली, एक बाही बघितली, दुसरी बघितली, खिसे उलटे करून बघितले. मग डाव्या छातीवरून हळूच हात फिरवला आणि तो तसाच खाली नेला.

"नाही बाई सापडत," ती म्हणाली. "तुमचं काय बोलावं!"

रफूकाकांनी खुर्चीवर बसून बूट काढले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

मुलीनं दुसरा फोटो काढला तेव्हा बायकोनं तिला डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मुलीनं फोनच्या पडद्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "छान आलाय," ती म्हणाली आणि दोन्ही फोटो पाठवून दिले. तिचाही जीव त्या खिडकीत अडकला होता. फोटो जरा दुरून काढलाय, बघणारा परका आहे, चालून जाईल, असं तिनं मनाशी धरलं असावं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आलं. तिघं चहा घेत होती. मुलगी उत्साहानं वाचायला लागली.

"नमस्कार. फोटो मिळाले. बिफोरचे दोन्ही फोटो…" ती थांबली.

"पुढं?" रफूकाका म्हणाले.

"काही नाही, बाबा. तो म्हणतोय की अजून थोडे…"

"आहे तसं वाच."

तिनं आईकडे बघितलं. आई कपात बघत होती.

"बिफोरचे दोन्ही फोटो मिळाले," मुलीनं वाचलं. "भोकाचा आणि त्यावर तात्पुरते टाके घातल्याचा. दोन्ही अगदी स्पष्ट आलेत. आता काम पूर्ण झाल्यावरचे, आफ्टरचे फोटो तेवढे पाठवा. ते आले की लगेच कोटेशन देतो."

मुलगी रडकुंडीला आली. "त्याला काय कळतंय! तो कुठं कापडातला माणूस आहे? मी लिहिते त्याला, की हाच आफ्टरचा…"

"नको लिहूस," रफूकाका म्हणाले. "त्याला दिसतं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते बायकोकडे वळले. "तुला सापडलं होतं."

"दारातूनच दिसलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आत येत होतात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतायला लागलात तेव्हापासून डोळ्यांचं मला माहीत आहे. मला वाटलं, हाताला येत असेल. नाहीतर कोट कशाला काढला असता मी कपाटातून?" तिनं कप उचलून घेतले. "मीच चढवलं तुम्हाला घोड्यावर."

सकाळी बायकोनं सुया ओवून दिल्या, पण रफूकाकांनी उशी तिथंच राहू दिली. लाँड्रीत गेल्यावर त्यांनी रोजच्यासारखं टेबल पुसलं आणि मालकाला हाक मारली.

"यंत्र मागव."

"अहो, पण वेबसाइटवाला काय म्हणाला?"

"बरोबर बोलला तो."

"महाग सांगितलं का? काका, तसं असेल तर मी थोडे…"

"खर्चाचं नाही रे. त्याला द्यायला माझ्याकडे काम नाही."

मालकाला काही उमगेना. तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. हातात काळा कोट होता. मुलीनं शाळेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यातूनच कुणीतरी पाठवलं असणार. त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि कोपरावरचं जळकं भोक दाखवलं. परवा चर्चमध्ये शोकसभा आहे, म्हणाले, हाच एक काळा आहे.

मालकाचा चेहरा उजळला. रफूकाकांनी मात्र भोकाकडे बघितलंच नाही. कापडावरून बोट फिरवलं आणि कोट व्यवस्थित घडी घालून परत दिला.

"इथं एक जण बसायचे," ते म्हणाले. "त्यांच्याकडे झालं असतं."

"कुठं भेटतील ते?"

"आता नाही भेटणार."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. त्यांचा वेगळाच समज झाला आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कधी?"

रफूकाकांनी टेबलावरची डबी उघडली होती. ते सुया आकारानं डबीत भरत होते. मालक काउंटरकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

वेबसाइटवाल्याचे निरोप पुढेही येत राहिले. आफ्टरच्या फोटोंची वाट बघतोय. या महिन्यात सवलत आहे. सवलत वाढवली आहे. मुलगी ते न उघडताच पुसून टाकू लागली. खिडकीखाली यंत्र आलं आणि वाफेनं काचा दिवसभर धुरकट राहू लागल्या. जाता-येता लाँड्री रस्त्यावरच लागे, पण रफूकाका पलीकडच्या फुटपाथनं जात.

थंडी सुरू झाली तसा बायकोनं कोट बाहेर काढला. मुलगी म्हणाली, आई, मी नवा घेते तुला. बायको म्हणाली, ह्याला काय झालंय? आणि बटणं लावून बाजाराला निघाली.

रफूकाका कधी तिच्या बरोबरीनं चालले नव्हते. नेहमी चार पावलं पुढं चालायचे आणि कोपऱ्यावर थांबून मागं बघायचे. आता ते तिच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून चालू लागले, समोरून कुणी आलं की थोडे पुढे सरून.

"अहो, किती अंगावर येताय! बाजूला व्हा की, रस्ता काय कमी पडलाय?"

"चाल तू," ते म्हणाले.

समोरून एक बाई आली. तिची नजर कोटावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. रफूकाकांना तिचा चेहरा दिसला नाही, पण कडेनं तिची मान वळलेली तेवढी स्वच्छ दिसली.